भाड्याची खोली आणि दोघांचा कागद



व्याख्यानमालेत इतिहासाला मान असतो, साहित्याला असतो. भाड्याच्या खोलीला कोणी व्यासपीठ देत नाही. संयोजकांनी ते दिलं, कारण आपल्या पंचक्रोशीत वाडीच्या कडेला चार खोल्या काढलेली, आजोबांचं घर भाड्यानं दिलेली किंवा डहाणूत एखादा फ्लॅट घेऊन ठेवलेली कुटुंबं वाढत आहेत. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनानं दरवर्षी भाव मिळेलच असं नाही. ज्या वर्षी बागेनं दगा दिला, त्या वर्षी खोल्यांचं भाडंच घर चालवतं. तेव्हा हा धंदा नीट समजून करायला हवा.

आपल्याकडे भाडेकरू कोण येतो? उंबरगाव, सरीगाम आणि वापीच्या कारखान्यांत जाणारे कामगार, आश्रमशाळेचे शिक्षक, आरोग्य केंद्रातल्या परिचारिका, रेल्वे आणि बँकेची माणसं. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तसे विरार-बोरिवलीला नोकरी करून इथे राहणारेही आले. बुलेट ट्रेन आणि द्रुतगती मार्गाची कामं आली, त्यांची माणसं आली. जून 2024 मध्ये केंद्र सरकारनं वाढवण बंदराला मंजुरी दिली. तेव्हापासून जमिनीच्या दलालांची वर्दळही वाढली.

पुढे जाण्याआधी थोडं मागे पाहू. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत ‘मालक’ या शब्दाला एक काळी बाजू आहे. 23 मे 1945 रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी हजारो वारली जमले. दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लढा सांगितला आहे. त्या काळी हिशेब मालकाच्या वहीत असे आणि कुळाच्या वाट्याला फक्त अंगठा येई. काय लिहिलंय हे त्याला कोणी वाचून दाखवत नसे. आज आपण चार खोल्यांचे मालक आहोत, जमीनदार नाही. तरी धडा तोच आहे. समोरच्यानं वाचलेला आणि त्याच्याकडे प्रत असलेला कागद आपल्यालाही वाचवतो. एकट्या मालकाच्या कपाटातला कागद भांडणाच्या दिवशी फार उपयोगी पडत नाही.

आता गुंतवणुकीकडे वळू. पहिला प्रश्न जमिनीचा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि भाडेपट्ट्यानंही देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यापुढच्या कुठल्याही हस्तांतरणाला राज्य शासनाची मान्यताही लागते. ‘साध्या स्टॅम्पवर लिहून घेऊ, पुढचं पुढे बघू’ असं सांगणारा दलाल तुम्हाला खड्ड्यात घालतोय. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा, फेरफार मागे जाऊन पाहा, मग चहा प्या.

दुसरी गोष्ट डहाणू तालुक्याची. 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेनं हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर त्यावर देखरेखीसाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. म्हणून इथला प्लॉट घेताना प्रादेशिक योजनेत ती जमीन कोणत्या वापरासाठी आहे, बिनशेती झाली आहे का, किनारा नियमन क्षेत्रात येते का, हे तिन्ही पाहावं लागतं. परवानगी नसलेल्या खोल्यांचं भाडं चार वर्षं सुखानं येतं आणि पाचव्या वर्षी नोटीस येते.

शेतजमीन किंवा वाडी दुसऱ्याला कसायला देण्याचा विषय अगदी वेगळा आहे. तिथे 1948 चा कूळकायदा लागतो. घर भाड्यानं देण्याची रीत तिथे चालवू नका, वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

आता हिशेब. समजा, 25 लाखांचा फ्लॅट घेतला आणि महिना 7,000 रुपये भाडं मिळालं. वर्षाचे 84,000. एक महिना घर रिकामं राहिलं तर 7,000 गेले, घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स 15,000, रंग-नळ-वायरिंग 8,000. हातात उरले 54,000, म्हणजे शेकडा दोनच्या जरा वर. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते. फ्लॅटची किंमत वाढेल, ही आशा वेगळी मोजा. तिला भाड्याचं उत्पन्न म्हणू नका. आता दुसरं चित्र. गावठाणातल्या स्वतःच्या जागेत, रीतसर परवानगी घेऊन प्रत्येकी 3 लाखांत चार खोल्या बांधल्या, भाडं 3,500. अकरा महिन्यांचे 1,54,000. दुरुस्ती आणि घरपट्टीचे 24,000 वजा केले तरी 1,30,000 उरतात, शेकडा दहाच्या वर. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही आपले घाला. पण रिकामा महिना आणि दुरुस्ती वजा न करता मांडलेला हिशेब मनाचं समाधान करण्यापुरताच असतो.

भाड्यावर प्राप्तिकर आहे, हेही लक्षात असू द्या. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून दुरुस्तीसाठी सरसकट 30 टक्के वजावट मिळते. तिला पावत्या लागत नाहीत. मात्र घरपट्टी त्याच वर्षी मालकानं भरलेली असली पाहिजे, म्हणून ग्रामपंचायतीची पावती जपा.

आता करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं ठरवण्याचा भार मालकावर येतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ हा समज इथे कामाचा नाही. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नाव असलेल्या क्षेत्रांना लागू होतो, तेव्हा आपलं गाव त्यात आहे का, हे वकिलाकडून पक्कं करून घ्या. नसलं तरी नोंदणी करा, कारण खर्च किरकोळ आहे. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का. 6,000 भाडं, 20,000 अनामत आणि 11 महिने धरले तर ते शे-दोनशेच्या घरात जातं. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये, शहरी भागात 1,000. आधारच्या ठशावर ऑनलाइन नोंदणीही होते.

करारात काय लिहायचं? भाडं कोणत्या तारखेला, विजेचं बिल कोणाचं आणि मीटर कोणता, पाणी किती वेळ, किती माणसं राहणार, सोडायचं तर किती दिवस आधी कळवायचं. आत काय काय आहे, त्याची यादी जोडा: पंखे, नळ, खिडकीच्या काचा, भिंतीवरचा आधीचा तडा. मोबाईलवर फोटो काढा आणि भाडेकरूलाही पाठवा. मराठी न वाचणारा कामगार असेल तर त्याच्या भाषेत अटी सांगा, मग ठसा घ्या आणि प्रत त्याच्या हाती द्या. घोलवड पोलीस ठाण्यात किंवा आपल्या हद्दीच्या ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या.

प्रत्येक भाड्याची पावती द्या. रोख घेतलं तरी द्या. कायद्यानं ती बंधनकारक आहे, आणि थकबाकी सिद्ध करताना तीच उपयोगी येते. अनामत किती घ्यावी? केंद्रानं 2021 साली आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी कमाल दोन महिन्यांचं भाडं हे माप आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो बांधील नाही, पण माप शहाणपणाचं आहे. अनामत कामगाराच्या घामाची असते. कापायची तर यादी दाखवून कापा आणि उरलेली चावी घेतानाच परत करा. गावात नाव चांगलं असेल तर खोली रिकामी राहत नाही.

भाडेकरू निघत नसेल तर? कुलूप लावायचं नाही. सामान बाहेर काढायचं नाही. पाणी आणि वीज तोडायची नाही. कायदेशीर मार्गाविना बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा लावू शकतो, तोही मालकावर. लेखी नोटीस द्या. लिव्ह अँड लायसन्स नोंदवलेलं असेल आणि 1999 चा कायदा लागू असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदत संपल्यापासून दुप्पट दरानं भरपाईही मागता येते. कागद नसेल तर हाच रस्ता लांबचा होतो.

शेवटचा मुद्दा इमारतीचा. आपल्याकडचा खारा वारा सळई खातो आणि पावसाळा स्लॅब तपासतो. त्यात नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा बसला. भाड्याची खोली म्हणून बांधकामात काटकसर करू नका. कॉलमविना उभ्या केलेल्या भिंती, वर ठेवलेली जड पाण्याची टाकी, एकच दार, ही बचत नव्हे. दरवर्षी मेमध्ये गच्ची आणि वायरिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. बोर्डीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी निवास व न्याहारी किंवा 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करावी. रोजच्या पाहुण्याला महिन्याच्या भाडेकरूचा करार चालत नाही.

उद्या सकाळी एवढंच करा. घरात भाडेकरू असेल तर त्याच्याशी झालेला करार बाहेर काढा आणि त्याची प्रत त्याच्याकडे आहे का, हे त्याला विचारा. नसेल तर आधी ती द्या, भाडं वाढवण्याची गोष्ट नंतर.

आता तुमचे प्रश्न घेतो. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.