‘बोल, मोकळी हो’ म्हणण्याआधी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण)



मानसिक आघातावर बोलायला मला सांगितलंय. मी डॉक्टर नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर गावात राहून काम केलं, तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची मणामणाची माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. पंचनामे झाले ते घरांचे आणि गुरांचे. बाईची झोप गेली, ती कुठल्या रकान्यात लिहिणार?

आमच्या गटातल्या एकीची दोन मुलं गेली होती. पत्र्याच्या शेडमध्ये ती झोपायचीच नाही. चार वाजले की उरलेल्या मुलीला उचलून बाहेर येऊन बसायची. रस्त्यानं ट्रक गेला तरी पळत सुटायची. सासू म्हणे, बाहेरचं झालंय. नवरा म्हणे, कामाचा कंटाळा. डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं. वर ‘आता दुसरं मूल होऊ दे’ हा तगादा होताच.

आम्ही म्हणालो, ‘बोल, मोकळी हो.’ बैठकीत सगळं सांगायला लावलं. मग पत्रकार आले, अभ्यासक आले, शहरातले पाहुणे आले. प्रत्येकाला आम्ही तिच्याकडेच न्यायचो, कारण ‘ती चांगलं सांगते’. हे वाक्य माझंच, आज उच्चारतानाही लाज वाटते. एक दिवस ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही आलात की माझी लेकरं परत मरतात.’

या त्रासाला आघातोत्तर ताण म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली तो आपल्या यादीत घातला. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता. बलात्कारानंतर बायकांचंही असंच होतं, हे तर १९७४ सालीच मांडलं गेलं होतं! प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हापुन्हा घडतो, त्याची आठवण देणारं सगळं माणूस टाळतं, जरा खुट्ट झालं तरी दचकतं. सगळ्यांचंच असं होत नाही, बहुतेकजणी आपल्या माणसांत हळूहळू सावरतात. महिन्यानंतरही त्रास हटत नसेल तर उपचार लागतात. त्यातही आठवणींकडे जावं लागतं, पण शिकलेल्या माणसाबरोबर आणि तिच्या गतीनं. आपत्तीनंतर लगेच एकदा बसवून सगळं वदवून घेतल्यानं पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढूही शकतो, हे आता अभ्यासातून पुढे आलंय. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मार्गदर्शिकाही सांगते की बोलण्याचा आग्रह धरू नका. आधी पाणी, पांघरूण, सुरक्षित जागा, आपली माणसं.

शेवटी मी तिलाच विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, चार वाजता कुणीतरी जागं असावं.

शेजारणींनी पाळ्या लावल्या. मंगळवार माझा होता. ती ज्वारी निवडत बसायची, मी कंदील धरून. मुलांचं नाव तिनं काढलं ते पाचव्या की सहाव्या मंगळवारी, आपणहून. धाकट्याला भाकरीचा पापुद्रा आवडायचा, एवढंच म्हणाली. मी काही विचारलं नाही.