घरच्या बाईची कमाई



१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर आपल्या सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली. २५ माणसे गेली. सरकारने प्रत्येकाच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले. त्यात बाई-पुरुष असा भेद नव्हता.

पण कोर्टातल्या दाव्याचा हिशेब निराळा. तिथे गेलेल्या माणसाची कमाई विचारतात. बाई घरीच असली, तर काय सांगायचे?

अमरावतीकडे २००५ साली अपघातात एक बाई गेली. ती घरीच होती, तिला कमाई नव्हती, म्हणून अचलपूरला दावा फेटाळला. घरच्यांनी नेट सोडला नाही. २०२० साली नागपूरच्या हायकोर्टाने आठ लाखांवर भरपाई दिली. पंधरा वर्षे लागली बरे!

पाणी भरणे, भाकरी थापणे, पोरे सांभाळणे, म्हाताऱ्यांचे पथ्य, गुरांची वैरण. ही कामे मजुरी देऊन करवून पाहा, मग कळेल! सुप्रीम कोर्टानेही २०२४ साली सांगितले, की गृहिणीची कमाई रोजमजुराच्या किमान मजुरीहून कमी धरू नये.

म्हणून आम्ही सांगतो, 'ती काही करीत नव्हती' असे लिहून देऊ नका. तिची कामे एकेक करून वकिलाला सांगा. ती मजुरीला जात असेल, तर तेही सांगा. आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावा.