सायकलीची वाट आधी पायी चालून बघा

दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या वाडीतली एक पोरगी शाळेला जाताना सायकलवरून पडली. खिंडीच्या उतारावर तिने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, मुरमावर चाक सरकलं, मनगट मोडलं. घरात लगेच ठरलं, सायकल बंद. सायकल बंद म्हणजे शाळाही बंदच, कारण एसटी येते ती शाळा भरल्यावर.

आम्ही गटातल्या सातजणी ती वाट पायी चालून आलो. चूक आमच्याच ध्यानात आली. ‘खिंडीतून जा, जवळ पडतं’ असं आम्हीच तिला सांगत होतो. वाट तिला झेपणारी नव्हती.

डोंगरात हौसेने सायकल चालवतात, ती माणसं आधी वाट पारखतात. ब्रिटनमध्ये तर अशा वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी सोपी, मग निळी, लाल, आणि काळी सगळ्यात अवघड. आपल्याकडे कोण पाट्या लावणार! पण पारख आपल्यालाही जमते. वाटेतला सर्वांत वाईट तुकडा बघायचा. तीन किलोमीटर सपाट आणि पन्नास पावलं घसाऱ्याची असली, तर ती वाट अवघडच धरायची.

चढाचं फार मनावर घेऊ नका. दम लागला की उतरून सायकल ढकलता येते. खरा धोका उताराला. तिथे चालताना पाय सरकतो का? वळणापलीकडून येणारं दिसतं का? खाली थांबायला सपाट जागा आहे का? पाऊस झाला की हेच पुन्हा बघायचं. ओल्या रिमवर ब्रेकचं रबर नीट धरत नाही, सायकल थांबायला जास्त अंतर घेते.

पोरींना सांगा, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. नुसता पुढचा जोरात दाबला तर हँडलवरून पुढे फेकलं जातो, नुसता मागचा दाबला तर चाक घसरत जातं. आणि हँडलला पिशवी नको. आम्ही बायका हे हटकून करतो.

प्लास्टर निघाल्यावर दोन रविवार आम्ही तिच्याबरोबर पाणंदीने गेलो. आता ती तिकडूनच जाते. दीड किलोमीटर जास्त पडतं, पंधरा मिनिटं आधी निघावं लागतं. म्हणून तिच्या आईशी बोलून सकाळचं पाणी भरायचं काम भावाकडे दिलंय. तो कुरकुरतो, पण भरतो.