बर्कली येथील महिला क्लबची वास्तू

१८६८ साली चार्ल्स डिकन्स अमेरिकेत आले असता न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी योजिली. जेन क्रोली या स्वतः पत्रकार. तथापि स्त्री असल्यामुळे त्यांना त्या पंक्तीत स्थान मिळाले नाही. तेव्हा त्यांनी मैत्रिणींना जमवून ‘सोरोसिस’ नावाचा स्त्रियांचा क्लब काढला. पुढील अर्धशतकात असे क्लब अमेरिकेत गावोगावी निघाले. निबंधवाचनापासून आरंभ करून त्यांनी ग्रंथालये, शाळा व मताधिकार यांसारख्या प्रश्नांत लक्ष घातले. पण पुष्कळ मंडळांना बसावयास स्वतःची जागा नव्हती. सभा कोणाच्या दिवाणखान्यात किंवा भाड्याच्या सभागृहात भरे, आणि परक्या छपराखाली यजमानाची मर्जी सांभाळणे ओघानेच येई.

कॅलिफोर्नियात स्त्रियांना १९११ साली मताधिकार मिळाला. विद्यापीठाचे गाव असलेल्या बर्कलीतील स्त्रियांनी १९२७ साली आपला क्लब स्थापिला आणि वास्तूचे काम ज्यूलिया मॉर्गन यांच्याकडे सोपविले. १८७२ साली जन्मलेल्या मॉर्गन यांनी बर्कलीसच अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. पॅरिसच्या विख्यात कलाशाळेत वास्तुकलेसाठी प्रवेश मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. हा प्रवेश त्यांना तिसऱ्या प्रयत्नात, १८९८ साली मिळाला. कॅलिफोर्नियात वास्तुशिल्पज्ञाचा परवाना मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रीही त्याच. ओकलंडच्या मिल्स महाविद्यालयासाठी त्यांनी १९०४ साली उभारलेला काँक्रीटचा घंटामनोरा १९०६ च्या भीषण भूकंपात शाबूत राहिला, आणि मग त्यांच्याकडे कामांचा ओघ सुरू झाला.

क्लबची सहा मजली इमारत १९३० साली उभी राहिली. दर्शनी भागी ती मध्ययुगीन किल्ल्यासारखी भासते. पण आतला सांगाडा लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा आहे. कमानी व नक्षी यांत रोमनेस्क, गॉथिक आणि मूर या तिन्ही परंपरांची छाया दिसते. अशी सरमिसळ सहसा डोळ्यांना खुपते. येथे ती खुपत नाही, कारण प्रमाण कोठेही सुटलेले नाही. आत शिरताच उघडे चौक लागतात, आणि आपल्याकडील जुन्या वाड्यांप्रमाणे त्यांतूनच भोवतालच्या दालनांना उजेड मिळतो. खाली सभा, भोजन व वाचन यांची दालने, वर राहण्याच्या खोल्या. सर्वांत मनोहर भाग म्हणजे इमारतीच्या पोटातील पोहण्याचा तलाव. उंच कमानींच्या छताखाली निळसर पाणी पसरलेले असते, एखाद्या प्रार्थनामंदिरातच पाणी भरले असावे तसे. स्त्रियांच्या व्यायामाला इतकी भव्य जागा द्यावी, हा विचार त्या काळी लहान नव्हता.

याच सुमारास मॉर्गन वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांचा सॅन सिमिअन येथील अवाढव्य प्रासाद बांधीत होत्या. त्याच्याशी तुलना करून क्लबच्या इमारतीला लोक ‘छोटा किल्ला’ म्हणू लागले. फरक एवढाच की, तेथे एका धनिकाची हौस होती, येथे अनेक स्त्रियांची गरज.

मॉर्गन १९५७ साली निवर्तल्या. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेचे सुवर्णपदक त्यांना मरणोत्तर, २०१४ साली मिळाले. त्यापूर्वी ते कोणाही स्त्रीला मिळाले नव्हते. इमारतीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीत १९७७ सालीच झाली होती. तत्पूर्वी, १९६० नंतरच्या काही वर्षांतच, क्लबने पुरुषांनाही सभासदत्व खुले केले आणि त्याच्या नावातून ‘महिला’ हा शब्द गळाला.