लगाम तिच्या हातात
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



अपंग मुलींच्या घोडेस्वारीवर मी बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. अपंगत्वाचा दाखला आणि एस.टी.ची उंच पायरी हे प्रश्न सुटले नसताना घोडा कुठून आणायचा? शंका रास्त आहे. पण मुलीच्या शरीराला कोणी, कसा हात लावायचा आणि तिच्या वतीने निर्णय कोण घेतं, हे आपले नेहमीचे प्रश्न त्या मैदानावर अगदी उघड दिसतात. म्हणून हा विषय.

आधी थोडा इतिहास. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 साली, गरोदर असताना, पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. घोड्याला ठरावीक चालींत नेमकेपणाने फिरवण्याच्या ‘ड्रेसाज’ या ऑलिम्पिक स्पर्धेत बायकांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो 1952 साली, हेलसिंकीत. तिथे पुरुषांच्या बरोबरीने उतरून लिसबाईंनी रौप्यपदक मिळवलं. 1956 साली पुन्हा एकदा. ब्रिटनमध्ये 1969 साली ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ स्थापन झाली. 1996पासून पॅरालिम्पिकमध्येही ही स्पर्धा आहे आणि तिथेही बायका-पुरुष एकत्रच उतरतात.

घोडा सावकाश चालतो तेव्हा स्वाराची कंबर माणसाच्या चालण्यासारखीच हलते. त्यातून तोल आणि पाठीचे स्नायू यांना व्यायाम मिळतो. मात्र घोड्यामुळे अपंगत्व बरं होतं असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. फिट्स आटोक्यात नसतील, किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या मानेचे मणके अस्थिर असतील, तर स्वारी धोक्याची असते. डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यायचा.

बदलायचं असतं ते शिकवणं. व्हीलचेअरवरून चढण्यासाठी उतार बांधतात. बोटांत पकड नसेल तर शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांचा लगाम देतात. डावं-उजवं गोंधळत असेल तर लगामाच्या दोन बाजूंना दोन रंग. पडताना पाय अडकणार नाही अशी रिकीब. अंध स्वारासाठी कडेला उभी राहिलेली माणसं मैदानावरची अक्षरं पुकारतात. आवाजावरून तिला दिशा कळते. कर्णबधिर मुलीशी खुणा ठरवायच्या त्या घोडा हलण्याआधी.

सुरुवातीला एकजण घोडा धरतो आणि दोघं दोन बाजूंनी चालतात. लागेल तेव्हा ते तिच्या मांडीवर किंवा घोट्यावर हात ठेवून आधार देतात. इथे आपण बारकाईने पाहायला हवं. अपंग मुलीला लहानपणापासून इतके हात लागलेले असतात, की नको म्हणता येतं हेच तिला ठाऊक नसतं. म्हणून हात कुठे ठेवणार ते आधी सांगायचं, तिला विचारायचं, बोलता येत नसेल तर नकाराची खूण ठरवायची. बाजूला बाई हवी असेल तर बाईच हवी. पाळीच्या दिवसांत बसायचं की नाही, तेही तिनेच ठरवायचं. आणि तोल सावरू लागला की हात काढून घ्यायचे. आधार वेळेवर कमी करणं हाही शिकवण्याचाच भाग आहे.

एका आईने मला हळूच विचारलं, “ताई, पडदा फाटला तर?” मी सांगितलं, त्या पडद्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, तो मुळातच प्रत्येकीचा वेगळा असतो. गंमत म्हणजे, याच घरात “हिचं लग्न कुठे व्हायचंय” असंही म्हटलं जात होतं. लग्नाची आशा नाही, पण लग्नाची बंधनं मात्र पुरेपूर!

2016च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने खेळांतला सहभाग ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. प्रत्येक गावात घोडा येणार नाही, हे मलाही कळतं. पण पोहणं असो, कबड्डी असो, आपल्या भागातल्या क्रीडांगणावर जाऊन विचारा: इथे उतार आहे का? शिकवणारी बाई आहे का? आणि मुलीने “थांबा” म्हटलं, तर इथे कोणी थांबतं का?