म्हैसूरचा पियानो

आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रात खंडेनवमी असते. म्हैसुरात त्याच तिथीला आयुधपूजा म्हणतात. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, लेखनिकाची दौत, ज्या साधनाने ज्याचे पोट चालते त्या साधनाला त्या दिवशी गंध लागते, झेंडूची माळ पडते आणि दुकानाच्या दाराशी कुंकू माखलेला कोहळा फोडला जातो. वाद्ये विकणारा आणि दुरुस्त करणारा मनुष्य याला अपवाद कसा असेल? वीणेच्या दांडीला लागते तेच कुंकू विलायतेहून आलेल्या पियानोच्या झाकणालाही लागते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे हे परके वाद्य या पूजेत कसे येऊन बसले, आणि बसले तरी घरचे झाले की नाही, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. त्यात एका राजाचे अर्धे राहिलेले आयुष्य गुंतले आहे, आणि खुद्द आकाशवाणीचा एक निर्णयही.

प्रथम वाद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. पियानोला ८८ पट्ट्या आणि सुमारे सव्वादोनशे तारा असतात. या साऱ्या तारांचा एकत्र ताण काही खंडी नव्हे, तर १५ ते २० टनांच्या घरात जातो. तो पेलण्यासाठी आत बिडाची चौकट असते. परंतु नाद उमटतो तो तिच्यातून नव्हे, तर तिच्यामागच्या देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या पातळ फळीतून. ही फळी म्हणजे पियानोचा जीव. हवेत ओल वाढली की ती फुगते, तारा ताणल्या जातात आणि वाद्य चढते. हवा कोरडी झाली की ती आक्रसते आणि वाद्य उतरते. शिवाय ओलीने पट्ट्या अडकतात, तारांना गंज चढतो, हातोड्यांवरच्या नमद्याला कसर लागते. उष्ण देशांकडे पाठवायचे पियानो विलायतेतील कारखानदार म्हणूनच वेगळे बांधीत. सांधे केवळ सरसावर न सोडता पितळी स्क्रूने आवळीत. इकडे आल्यावर घरधनी आपले उपाय योजी. आत कापराच्या वड्या ठेवायच्या आणि पावसाळ्यात तळाशी विजेचा छोटा दिवा अखंड जळत ठेवायचा, हा मुंबईच्या पियानोवाल्या घरांतील जुना रिवाज आहे.

म्हैसूर या बाबतीत मुंबईहून भाग्यवान. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर वसलेले हे शहर. हवा सौम्य, पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण एक अडचण आहे. महाराष्ट्रात दसऱ्याला पावसाने बहुधा पाय काढता घेतलेला असतो. म्हैसुरात मात्र आश्विनात तो पुन्हा जोर धरतो. म्हणजे ज्या दिवसांत मैफली, बँड, पाहुणे यांची सर्वांत गर्दी, नेमक्या त्याच दिवसांत वाद्यांची प्रकृती सर्वांत नाजूक. सूर जुळवणाऱ्या कारागिराचा हा हंगाम. तो उरकतो न उरकतो तोच नाताळ येतो आणि देवळांतील पायपेट्यांचे, म्हणजे ऑर्गनचे, काम निघते. पायपेटीचे सूर पितळेच्या पट्ट्यांचे असल्याने ते तारांसारखे हवेबरोबर हलत नाहीत. तिचा रोग निराळा. भात्याचे कापड आणि कातडे फाटते, उंदीर ते कुरतडतात आणि फुगलेली पट्टी खालीच अडकून राहिली की एकच सूर प्रार्थना संपली तरी रेंगाळत राहतो. उन्हाळ्यात सगळेच आटते, आणि पावसाळ्याआधी जुळवलेले वाद्य पावसाळ्यानंतर पुन्हा जुळवावे लागते. या धंद्याला पंचांग आहे, ते असे.

दक्षिणेत ही वाद्ये प्रामुख्याने मद्रासमार्गे आली. माउंट रोडवरील मिस्क्विथ आणि कंपनी ही पेढी १८४२ मध्ये निघाली. पियानो-ऑर्गन विकणे, जुळवणे आणि दुरुस्त करणे हा तिचा व्यवसाय. पुढे तीच ‘म्यूझी म्यूझिकल’ या नावाने चालू राहिली. मुंबईत धोबीतलावाच्या फुर्तादो यांच्या दुकानाची परंपरा १८६५ पासूनची. गोवेकर वादकांच्या कित्येक पिढ्यांनी त्या भागातून स्वरलिपीची पुस्तके नेली. अशा दुकानांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे छावण्या, देवळे, कॉन्व्हेंटच्या शाळा आणि संस्थानिक. संस्थानिकांपैकी बहुतेकांच्या दिवाणखान्यात पियानो असे तो शोभेसाठी. त्यावर चांदीच्या चौकटीतील छायाचित्रे ठेवीत. म्हैसूरची गोष्ट वेगळी पडते ती येथेच.

१८९७ मध्ये एका राजकन्येच्या विवाहप्रसंगी म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा जळाला आणि हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यावरून बांधलेला आजचा वाडा १९१२ मध्ये पुरा झाला. तेथे नांदणारे चौथे कृष्णराज वाडियार हे स्वतः अनेक वाद्ये वाजवीत. वीणा, बासरी आणि मृदंग यांबरोबर व्हायोलिन, सॅक्सोफोन आणि पियानोही. त्यांच्या दरबारातील थोर वैणिक शेषण्णा (१८५२–१९२६) यांचा हातही पियानोवर फिरत असे. वीणेची तार ओढून गमक काढण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांनी जिचा स्वर रेसभरही ओढता येत नाही अशी पट्टी आवडीने दाबावी, यात थोडे नवल आहेच. परंतु मोठ्या कलावंतांचे कुतूहल त्यांच्या शिष्यांच्या अभिमानापेक्षा बहुधा अधिक मोकळे असते. महाराजांनी पदरी दोन बँड ठेवले होते, एक कर्नाटक संगीताचा आणि एक पाश्चात्त्य संगीताचा. दोन्ही परंपरांचा काला करण्याऐवजी दोन पंगती मांडण्याची ही रीत शहाणपणाची म्हटली पाहिजे. त्याच दरबारात उत्तरेच्या गवयांचीही ये-जा होती. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तेथे सन्मानाने जात, आग्र्याच्या फैयाज खाँना ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी तेथेच मिळाली आणि गोहरजान हिने अखेरचे दिवस त्याच नगरीत काढून १९३० मध्ये तेथेच देह ठेवला.

कृष्णराजांचे पुतणे जयचामराज वाडियार यांचा जन्म १९१९ चा. त्यांना पियानोवादक व्हायचे होते. राजपुत्राचा छंद म्हणून नव्हे. जाहीर मैफलीत बसून वाजवणारा वादक. १९४० च्या मार्चमध्ये त्यांचे वडील युवराज नरसिंहराज मुंबईत वारले, आणि ऑगस्टमध्ये चुलते गेले. पाच महिन्यांत दोन छत्रे ढळली आणि एकविसाव्या वर्षी म्हैसूरची गादी त्यांच्याकडे आली. मैफलीचा विचार तेथे संपला. पियानो मात्र सुटला नाही. १९४५ मध्ये लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेची परीक्षा त्यांच्या नावावर जमा झाली आणि ट्रिनिटी महाविद्यालयाने त्यांना सन्मान्य सदस्यत्व दिले.

स्वतःला जे करता आले नाही, ते दुसऱ्याच्या हातून व्हावे म्हणून पैसा खर्च करणारे दाते जगात विरळ नाहीत; परंतु नेमका कोठे खर्च करावा हे कळणारे विरळ. लंडनमध्ये निकोलाय मेट्नर नावाचा रशियन रचनाकार आणि पियानोवादक आजारपणात आणि तंगीत दिवस काढीत होता. राखमानिनोव्हच्या बरोबरीचा म्हणून जाणकार त्याला ओळखीत. बाजार मात्र त्याला विसरला होता. म्हैसूरच्या महाराजांनी मेट्नरच्या नावाने संस्था काढून दिली आणि वृद्ध रचनाकाराच्याच हातून त्याच्या कृतींच्या ध्वनिमुद्रिका निघाव्यात म्हणून खर्च उचलला. मेट्नर १९५१ मध्ये वारला. त्याचा तिसरा पियानो कन्चेर्तो महाराजांना अर्पण केलेला आहे. त्याचे वादन आज ऐकायला मिळते त्याचे बरेचसे श्रेय चामुंडीच्या पायथ्याला आहे, हे युरोपातील रसिकांनाही ठाऊक असते. मराठी श्रोत्यांना ते सांगावे लागते.

ध्वनिमुद्रणातील प्रसिद्ध निर्माते वॉल्टर लेग हे पाहुणे म्हणून म्हैसुरात आले, तेव्हा त्यांना तेथे ध्वनिमुद्रिकांचा अफाट संग्रह आणि मैफलीच्या आकाराचे अनेक पियानो दिसले. लेग यांनी नुकत्याच उभारलेल्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाला महाराजांनी तीन वर्षे दरसाल १०,००० पौंडांचे साहाय्य देऊ केले. रिखार्ड श्ट्राउस याची अखेरची चार गीते त्याच्या निधनानंतर, २२ मे १९५० रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम गायिली गेली. गायिका कर्स्टन फ्लागश्टाट, संचालक फुर्टव्हेंगलर, आणि खर्चाची हमी म्हैसूरची. महाराज त्या रात्री तेथे नव्हते. त्यांच्यासाठी कार्यक्रम मुद्रित करून त्याच्या तबकड्या म्हैसूरला पाठवण्यात आल्या. तोवर ते सत्ताधीश राजे राहिले नव्हते; त्याच वर्षीच्या २६ जानेवारीपासून ते भारतीय प्रजासत्ताकातील एका राज्याचे राजप्रमुख होते. एवढ्यावरून कोणी त्यांना पाश्चात्त्यांच्या नादी लागलेला संस्थानिक ठरवील, तर ते चुकेल. याच काळात त्यांनी कर्नाटक पद्धतीने संस्कृत कृती रचल्या. त्यांची संख्या नव्वदाच्या वर आहे. चुलत्यांच्या दोन पंगती पुतण्याने एकाच पानावर वाढून घेतल्या, असे म्हणता येईल.

आता आकाशवाणीचा संबंध. १९३५ च्या सप्टेंबरात म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी एक छोटे प्रक्षेपण केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने हेच नाव धारण केले. परंतु ज्या १९४० साली पियानोवादक होऊ पाहणारा तरुण म्हैसूरच्या गादीवर बसला, त्याच साली मार्चपासून दिल्लीच्या नभोवाणीने पट्ट्यांच्या वाद्याला, म्हणजे हार्मोनियमला, आपल्या दारातून बाहेर काढले. ही बंदी तीस वर्षे टिकली. तिच्यामागचा आक्षेप पोकळ नव्हता. पियानो काय, पायपेटी काय किंवा हातपेटी काय, सप्तकाचे बारा समान भाग करून ही वाद्ये जुळवलेली असतात. त्यामुळे त्यांतील शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. शिवाय मींड नाही, आंदोलन नाही. रवींद्रनाथांनाही हे वाद्य नकोसे होते.

महाराष्ट्राला हा निर्णय जेवढा लागला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रांताला लागला असेल. कारण येथे रंगभूमी पायपेटीच्या सुरावर उभी होती. नाटकाचा पडदा वर जाण्याआधी प्रेक्षागृहात पहिला भरे तो ऑर्गनचा सूर. बालगंधर्वांच्या पदामागे हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन नसता तर ते पद निम्मेच ऐकू आले असते, असे मानणारे रसिक पुष्कळ होते. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा पेटीवर जीव टाकणारा मनुष्य आकाशवाणीच्या नोकरीत असताना, त्याच्या कार्यालयात त्याच्या वाद्याला मज्जाव होता! सरकारी नियमांत अशी गंमत अधूनमधून सापडते.

पण तोडगा काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्नही मराठी मुलखातच झाला, आणि तोही सरकारी नोकरांकडून. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे सनदी सेवेतील न्यायाधीश. देवलांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक लिहिले, अब्दुल करीम खाँच्या गळ्यातून श्रुती मोजल्या, आणि क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने लंडनच्या मूर आणि मूर या कारखान्याकडून श्रुतिपेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. तिच्यावर वाद झडले, मान्यता मात्र मिळाली नाही. गळ्यातला गांधार रागागणिक आणि क्षणागणिक हलतो. त्याला बावीस खोल्या बांधून दिल्या तरी तो ओसरीवरच फिरणार, हे तेथे स्पष्ट झाले. तरी त्या दोन गृहस्थांची चिकाटी उपहासास पात्र नाही. दप्तराच्या कामातून वेळ काढून कानाचा प्रश्न मोजपट्टीने सोडवण्याचा त्यांचा यत्न प्रामाणिक होता.

नभोवाणीची बंदी १९७१ मध्ये सैल झाली. तोवर पेटीने खासगी बैठका आणि मोठ्या परिषदा जिंकलेल्याच होत्या. गवयाच्या उजव्या-डाव्या हाताला तीच बसत होती. नियम मागून आला. जयचामराज वाडियार १९७४ मध्ये निवर्तले. राजवाड्याच्या बँडचा वारसा पोलीस दलाकडे गेला, आणि दसऱ्यात पोलिसांचा कर्नाटक बँड आणि इंग्रजी बँड असे दोन्ही आजही वाजतात.

पियानोचे स्थान घरोघर आता विजेच्या कीबोर्डने घेतले आहे. त्याच्या कडेला एक लहानसे चाक असते. ते फिरवले की दाबलेला स्वर वर-खाली सरकतो. दक्षिणेतील के. सत्यनारायणन यांच्यासारखे वादक त्याच्या साह्याने गमके काढून संपूर्ण कर्नाटक मैफल करतात. देवल आणि क्लेमेंट्स यांना जे बावीस पट्ट्यांत सापडले नाही, ते चाकात सापडले. या वाद्याला ओल बाधत नाही, कापूर लागत नाही, आश्विनाच्या पावसात ते चढत नाही की चैत्रात उतरत नाही. दुकानांना ते सोयीचे आहे. सूर जुळवणाऱ्या कारागिराला मात्र त्यात काम नाही. आणि एकाच कानाने सव्वादोनशे तारा ऐकून, किल्लीच्या केसभर वळणाने त्यांना जागेवर आणणारी माणसे आता थोडी उरली आहेत. जी आहेत, त्यांना दसऱ्याच्या आधी बोलावणे धाडले तर ती नाताळापर्यंत येतात.