कोपऱ्यावरचं तुर्की हॉटेल
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



कमिटीने मला विषय दिला होता, 'पंचवीस वर्षांतलं आपलं बाहेरचं खाणं'. मी तो जरा आखडता घेतलाय. गेटबाहेर मेडिकलच्या शेजारी दीड वर्षापूर्वी जे तुर्की हॉटेल निघालं, त्याच्याबद्दलच मुख्यतः बोलणार आहे. कारण त्याच्याविरुद्ध एक निवेदन सध्या आपल्या जिन्यांतून फिरतंय, आणि सह्या करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आत पाऊल टाकलेलं नाही.

आपण इथे राहायला आलो तेव्हा बाहेर खायचं म्हणजे वडा. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लागायची आणि तेवढ्या वेळात फलाटावर दिवाडकरांचा वडा हातात यायचा. खोपोलीला कामाला गेलो तर तिथला वडापाव. २००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण सुरू झाला, फूडमॉल गजबजला. पण फूडमॉल हा जाणाऱ्या-येणाऱ्यांचा. आपल्यातलं कोण संध्याकाळी चपला घालून तिथे चालत जातं? कोपऱ्यावरच्या हॉटेलात मात्र चपला घालून जाता येतं, आणि माझ्या वयाच्या माणसाला ही सोय फार मोठी आहे.

पहिली अडचण नावांची. मेनू कार्ड उघडलं की माणूस बिचकतो. हम्मस, बाबागनूश, जाजिक, फलाफल, दोलमा. आमच्या शेजारच्या काकूंना मी एकेक सोडवून सांगितलं. हम्मस म्हणजे काबुली चणे रात्रभर भिजवून, मऊ शिजवून, वाटलेले तीळ, लिंबू आणि लसूण घालून केलेलं वाटण. बाबागनूश म्हणजे वांग्याचं भरीत, फक्त दाण्याच्या कुटाच्या जागी तीळ. जाजिक ही दह्यातली काकडीची कोशिंबीर, पुदिना आणि लसूण घातलेली. फलाफलमध्ये चणे न शिजवता नुसते भिजवून वाटतात आणि तळतात. आपला डाळवडा दुसरं काय असतो? दोलमा या शब्दाचा अर्थच 'भरलेलं'. मग भरली वांगी करणाऱ्या घराने त्याला का बिचकावं? आयरान मागवलं तर मीठ घातलेलं ताक येतं. बकलावा खाताना काकू म्हणाल्या, "अहो, हे पाकातल्या चिरोट्यांचं भावंड दिसतंय." बरोबर ओळखलं त्यांनी. पदर तसेच, पाक तसाच, फक्त मध्ये सुका मेवा.

एक पदार्थ मुद्दाम सांगतो, 'इमाम बायिल्दी'. वांग्यात कांदा, टोमॅटो, लसूण भरून भरपूर ऑलिव्ह तेलात मंद शिजवतात. नावाचा अर्थ 'इमाम बेशुद्ध पडला'. कोणी म्हणतं चवीने पडला, कोणी म्हणतं तेलाचा खर्च ऐकून. घरचं तेलाचं बिल भरणाऱ्यांना दुसरी कथा जास्त पटेल.

आणि शब्दांचं म्हणाल तर किमा, कोरमा, अगदी शिवणाच्या डब्यातली कैची, हे शब्द मूळ तुर्कीच. उलट ज्याला आपण अगदी आपला म्हणतो त्या वडापावातला 'बटाटा' आणि 'पाव' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. 'परकं खाणं' म्हणून सही करणाऱ्याने आधी वड्याचं काय करायचं ते ठरवावं.

त्या समुद्राकडचा माल आणि माणसं आपल्या भागात येणं नवं नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या घारापुरीला भूमध्य समुद्राकडून आलेल्या, दोन कानांच्या मातीच्या रांजणांची खापरं सापडली आहेत. अशा रांजणांतून मद्य आणि तेल यायचं. माल बंदरांवरून घाट चढून वर जायचा. वाटेवर पायथ्याला आपली कोंडाण्याची लेणी, वर कार्ल्याची. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. यवन म्हणजे तेव्हा ग्रीक किंवा त्या बाजूचे लोक. आणि आपले बेने इस्राएल? त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं. ते इथे तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली' झाले, पेणकर, रोहेकर अशी आडनावं लावू लागले. मांस आणि दूध एकत्र चालत नाही म्हणून त्यांनी कालवणात नारळाचं दूध घेतलं, आणि मलिद्याला पोहे, गूळ, खोबरं घेतलं. म्हणजे आलेल्यांनी आपलं खाणं उचललं. आता आपण त्यांच्याकडचं एक ताट चाखलं तर काय बिघडतं?

आता निवेदनाकडे येतो. कागदावर 'धूर' लिहिलंय. धुराची तक्रार खरी होती. बी विंगच्या खिडक्यांपर्यंत तो यायचा. मालकाला सांगितल्यावर त्याने धुराडं गच्चीच्या वर नेलं. त्यानंतरही कागद फिरतोच आहे, कारण जिन्यात जे बोललं जातं ते कागदावर नाही. 'तो कोण', 'तिथे कोण येतं', 'कसलं मांस असतं', हे ते बोलणं. मालक पनवेलचा आहे. आखातात दहा वर्षं तुर्की आणि लेबनानी आचाऱ्यांच्या हाताखाली काम करून परत आलाय. मी विचारलं तेव्हा त्याने स्वयंपाकघर दाखवलं. फलाफलची कढई वेगळी, शाकाहाराच्या सुऱ्या आणि पाट वेगळे. कोंबडीचे कबाब भाजायची शेगडी पलीकडे. ज्यांना तेवढं पुरेसं नाही त्यांनी जाऊ नये, तो त्यांचा प्रश्न. पण दुसऱ्याचं दुकान बंद पाडायला सही करणं ही निराळी गोष्ट झाली.

भट्टीवर रोटी भाजणारा मुलगा इथल्याच ठाकरवाडीतला आहे. पिठाचा गोळा फुगेपर्यंत नजर हलवत नाही. पावसाळ्यात काकड्या त्याची आईच वाडीतून आणून देते. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची मंडळी येतात म्हणून हॉटेल चालतं. सोमवार ते गुरुवार निम्मी टेबलं रिकामी. निवेदन न देताही ते बंद पडू शकतं, आपण न गेल्याने.

एक अडचण मात्र खरी. तिथे सगळ्या वाट्या टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि सगळ्यांनी रोटीचे तुकडे त्यांतच बुडवायचे. आपल्याकडच्या ज्येष्ठांना उष्ट्याचं वावडं असतं, मलाही आहे. उपाय सोपा आहे: बसल्या बसल्या रिकाम्या वाट्या आणि चमचे मागून घ्यायचे, ते हसत देतात. लसूण कमी हवा तर आधी सांगायचं. दातांचा त्रास असणाऱ्यांना हम्मस, भरीत, मसुराचं सूप उत्तम. मिठावर बंधन असेल तर लोणच्यातले ऑलिव्ह टाळा.

या समारंभाच्या जेवणावरून कमिटीच्या तीन बैठका गेल्या हे सगळ्यांना माहीत आहे. शाकाहारी पंगत की दोन्ही, यावर आवाज चढले आणि शेवटी दोन वेगळे मांडव पडले. पंचवीस वर्षं एका पाण्याच्या टाकीवर राहिलेली माणसं आज दोन मांडवांत जेवणार आहेत. त्या हॉटेलात गेल्या महिन्यात आम्ही नऊ जण एका टेबलाला बसलो होतो. सहा शाकाहारी, तीन कबाबवाले. मधल्या सात वाट्यांपैकी एकीतही मांस नव्हतं. कबाबाची ताटली टेबलाच्या एका टोकाला होती. कोणाला उठून जावं लागलं नाही.

पुढच्या बुधवारी पुन्हा जातोय, साडेसातला. चतुर्थी नाही, मी कॅलेंडर बघितलंय. वॉचमनच्या टेबलावर वही ठेवलीय, येणाऱ्यांनी नाव आणि फ्लॅट नंबर लिहावा. निवेदनावर सही केलेल्यांनीही लिहावं, त्यांच्यासाठी खुर्च्या धरून ठेवतो.